पुतळ्याला आई नसते

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,


रुग्णवाहिका तुमच्या खात्याची आणि तिच्यात बसायला शिकणारी मुलं वैद्यकीय शिक्षण खात्याची. कागदावर ही दोन खाती वेगळी आहेत. संध्याकाळी सात वाजता शहाडच्या पुलावर अडकलेल्या गाडीत मात्र तो एकच मुलगा असतो. त्याच्या एका हातात श्वास देण्याची अंबू बॅग असते, समोर निपचित बाळ असतं आणि बाळाची आई त्याच्याकडे बघत असते. त्याला काय शिकवायचं राहून गेलं, हे नेमकं कोणाला विचारावं ते कळेना, म्हणून पत्र तुमच्या नावे आणि खुलं लिहिते आहे. शेजारच्या खात्यानंही ते वाचावं.

मी मोहन्याला राहते. नोकरी सगळी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून झाली. आता आपत्कालीन सेवेचा कोर्स करणाऱ्या मुलांचे काही तास घेते. यातली बरीच मुलं आमच्याच भागातली आहेत, मोहने, अटाळी, वडवली, आंबिवलीची. 2009मध्ये इथली एनआरसी कंपनी बंद पडली तेव्हा ज्यांच्या वडिलांची नोकरी गेली, अशा घरांतलीही काही आहेत. कोर्स केला की लवकर कामाला लागता येतं, हा घरच्यांचा हिशोब, आणि तो चुकीचा नाही. मुलं कष्टाळू आहेत. स्ट्रेचर जिन्यातून कसं उतरवायचं, ऑक्सिजनचा सिलिंडर किती वेळ पुरेल, हे झटकन सांगतात.

बाळाला सीपीआर कसा द्यायचा, तेही त्यांना येतं. आमच्याकडे रबरी बाळ आहे. नाडी मानेला न बघता दंडाच्या आतल्या बाजूला बघायची. दोन्ही अंगठे छातीच्या मधोमध, बाकीची बोटं पाठीमागून. छाती एक तृतीयांश, म्हणजे साधारण 4 सेंमी, दबली पाहिजे. मिनिटाला 100 ते 120 दाब. दोघं असाल तर पंधरा दाब आणि दोन श्वास. मुलं घामाघूम होईपर्यंत सराव करतात. मग मी म्हणते, "थांबा", आणि सगळे पाणी प्यायला जातात. परीक्षेत याला गुण असतात. पुतळ्याला आई नसते, आजी नसते, त्याच्या दंडाला काळा दोरा नसतो, आणि "थांबा" म्हटल्यावर पुढे काय बोलायचं, याला एकही गुण नाही.

खरं तर छोट्या बाळाचं हृदय दवाखान्याबाहेर थांबलं असेल, तर बहुतेक वेळा ते परत सुरू होत नाही. आपण त्यांना शिकवतो ते सगळं यशाच्या बाजूचं. ज्या बाजूला ते जास्त वेळा उभे राहणार आहेत, त्या बाजूचा नकाशाच त्यांच्या हाती नाही.

यात एक विचित्र गोष्ट आहे आणि तिच्यामागे तुमच्या खात्याचं यश आहे, म्हणून आधी अभिनंदन करते. 2020च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे 16 होता, देशाचा 28. मी नोकरीला लागले तेव्हा राज्याचा आकडा याच्या तिपटीहून जास्त होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांनाच नवजात बाळाची काळजी शिकवली आणि मृत्यू कसे खाली येतात ते 1999मध्ये जगाला दाखवलं. आज आशाताई घरोघर जाऊन बाळाचं वजन करतात, त्याचं मूळ तिथे आहे. हे सगळं चांगलंच झालं. पण आमच्या पिढीतल्या सिस्टरनं पहिला बाळमृत्यू पाहिला तो मोठ्या सिस्टरच्या शेजारी उभं राहून. वॉर्डात माणसं असायची. कुणी पडदा ओढायचं, कुणी आईला खुर्ची द्यायचं, आणि शब्द न बोलता आम्ही ते शिकत होतो. आजचा विद्यार्थी वर्ष-दोन वर्षं एकही बाळ जाताना पाहत नाही. मग एके दिवशी पाहतो, ते चालत्या गाडीत आणि जवळजवळ एकटा.

"जवळजवळ" म्हणते, कारण सरकारी 108 रुग्णवाहिका सेवेची गोष्ट वेगळी आहे. 2014मध्ये ती सेवा सुरू झाली तेव्हा राज्यात 937 गाड्या होत्या, त्यांतल्या 233 प्रगत जीवरक्षक प्रणालीच्या, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा अशी रचना होती. इतर अनेक राज्यांत गाडीत तंत्रज्ञ असतो, आपण डॉक्टर बसवला. पण कल्याणच्या रस्त्यांवर खासगी गाड्याही धावतात, आणि त्यांत बऱ्याचदा ड्रायव्हर अधिक एक शिकाऊ पोरगा एवढाच स्टाफ असतो. आमच्या बाजूचं नवजात बाळ गंभीर झालं आणि व्हेंटिलेटर लागला की गाडी कळव्याकडे निघते, तिथे जागा नसली की सायन, नाहीतर परळचं वाडिया. मोहन्याहून परळ म्हणजे पन्नास किलोमीटरच्या वर. एवढ्या रस्त्यात बाळाचं काहीही होऊ शकतं.

माझा एक विद्यार्थी अशाच एका फेरीवर होता. मूल दोन महिन्यांचं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. नळी चेहऱ्याला चिकटपट्टीनं लावलेली होती आणि ती पट्टी नेमकी गालावरच्या तिटेवर बसली होती. पट्टीच्या कडेनं काजळ पसरलं होतं. पोराला बाकी काही सुचलं नाही. त्यानं खिशातून कापूस काढला आणि मला फोन लावला, "मॅडम, तीट पुसू का? आई बाहेर आहे, तिला असं कसं दाखवू?" मी त्याला आधी विचारलं, पोलिसांना कळवलंय का? कारण बाळ अचानक गेलं असेल तर शवविच्छेदन होईपर्यंत नळी काढायची नाही, अंग पुसायचं नाही, कपडे बदलायचे नाहीत. तो म्हणाला, ते कुणी सांगितलंच नाही. त्याच्या प्रश्नात मला त्याची हुशारी दिसली. तो आईच्या नजरेनं बघत होता. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर द्यावं लागलं, याची मला आमच्या सगळ्यांच्या वतीनं लाज वाटली.

नंतर गाडीच्या मालकानं त्याला काय सांगितलं असेल? जे सगळेच सांगतात. मन घट्ट कर, सवय होते. महोदय, सवय होत नाही. काय होतं ते मी वॉर्डात पाहिलंय. माणूस बाळांच्या केसला जायचं टाळायला लागतो, ड्युटी बदलून घेतो, घरी स्वतःचं मूल झोपलं की चार वेळा उठून त्याचा श्वास बघतो. काही कोरडे पडतात आणि नातेवाइकांच्या अंगावर ओरडतात. मग आपण वर्तमानपत्रात वाचतो, रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्याची उर्मट वागणूक.

शिकवायचं काय, तर पहिलं म्हणजे बोलायला. वर्गात मी मुलांची जोडी लावते, एक आई आणि एक कर्मचारी. पहिल्या वेळी कर्मचारी झालेला पोरगा हमखास नसलेल्या मॉनिटरकडे बघत राहतो आणि म्हणतो, "डॉक्टर सांगतील." दुसरा एकजण म्हणाला, "सॉरी फॉर युअर लॉस," आणि अख्खा वर्ग हसला. एकदा आजीचं काम एका दाढीवाल्या मुलाला दिलं. तो असा काही उसळला, "गाडी का थांबली? चालव की! पैसे नाहीत म्हणून थांबला काय?" की समोरच्या मुलीचे डोळे भरून आले. पण त्यानंतर ती जे बोलली ते मला अजून आठवतं. ती म्हणाली, "आजी, गाडी मी थांबवलेली नाही. बाळाचं हृदय बंद आहे, मी अजून दाबतेय, पण ते साथ देत नाहीये. तुम्ही इथे बसा, त्याचा पाय धरा." तिनं खोटी आशा दिली नाही आणि हातही सोडला नाही. असं वाक्य सरावाशिवाय येत नाही. ज्याला मृत्यू घोषित करायचा अधिकारच नाही, तो तर नोंदणीकृत डॉक्टरचा आहे, त्यानं दवाखाना येईपर्यंत काय बोलायचं? हे असं, टप्प्याटप्प्यानं.

अमेरिकेत चेरी हॉबगूड या डॉक्टर बाईंनी मृत्यूची बातमी सांगण्याच्या पायऱ्या बसवल्या आणि 2013मध्ये त्या पॅरामेडिकना शिकवूनही पाहिल्या. घरच्यांना एकत्र करा, काय माहीत आहे ते विचारा, मग काय झालं ते सांगा, आणि "गेलं" हे स्पष्ट शब्दांत सांगा. त्यानंतर एक पायरी मुद्दाम रिकामी आहे. तिथे बोलायचं नाही. आमच्या मुलांना ही रिकामी पायरी सगळ्यांत अवघड जाते. ते लगेच फॉर्म पुढे करतात.

19 जुलै 2023ची आठवण तुम्हालाही असेल. पावसानं लोकल ठाकुर्ली आणि कल्याणच्या मध्ये थांबली होती, माणसं खाली उतरून रुळांच्या कडेनं चालत निघाली होती, आणि काही महिन्यांचं बाळ घरच्याच माणसाच्या हातून निसटून तुडुंब नाल्यात पडलं. आईच्या आकांताचा व्हिडिओ फोनवरून महाराष्ट्रभर फिरला. आमच्या वर्गात सगळ्यांनी पाहिला होता. मी विचारलं, त्या बाईजवळ सर्वांत आधी तुम्ही पोचला असता तर? वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "तिला आधी रुळांपासून बाजूला घेतलं असतं. आणि तो व्हिडिओ काढणारा हात खाली केला असता." मी त्याला पूर्ण गुण दिले. गुणपत्रिकेत ते कुठे लिहायचे ते मात्र मला माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट आईला गाडीत घेण्याची. आपल्याकडची रीत अशी की बाळ सिरीयस असलं की बाप पुढे ड्रायव्हरशेजारी आणि आई मागून रिक्षानं. तिला बघवणार नाही, म्हणून. ज्येष्ठ मंडळीही हेच सांगतात. फ्रान्समध्ये 2013मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी हृदय थांबलेल्या मोठ्या माणसांच्या 570 नातेवाइकांचा तो होता. प्रयत्न चालू असताना हजर राहण्याची ज्यांना मुभा दिली, त्यांना तीन महिन्यांनी त्या प्रसंगाचा त्रास कमी होता, आणि उपचारांत अडथळाही आला नव्हता. तो मोठ्यांचा अभ्यास होता, बाळांचा नाही, हे मान्य. पण रिक्षातून मागे येणाऱ्या आईच्या मनात आयुष्यभर काय चालतं, ते मी वॉर्डाच्या दारात ऐकलेलं आहे. "शेवटी काय केलं त्याला?" हा प्रश्न बारा वर्षांनीही विचारतात. जिनं अंगठ्यांनी दाबताना पाहिलं, तिला तो विचारावा लागत नाही. निर्णय आईचा असावा, आणि तिला विचारायचं कसं, ते विद्यार्थ्याला माहीत हवं.

बाळ झोपेत गेलं असेल तर पुढचा भाग आणखी कठीण. पोलीस येतात, अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, अंथरुणाचे फोटो काढतात. घरच्यांना वाटतं, आपल्यावर संशय आहे. शेजारी तर निष्कर्षच काढून मोकळे होतात, अंगावर घेऊन झोपली असेल. विद्यार्थ्यानं एवढं जरी सांगितलं की ही पद्धत सगळ्यांसाठी आहे, फक्त तुमच्यासाठी नाही, तरी आईचा निम्मा भार हलतो. त्यानं पाहिलं तेवढंच लिहावं, बाळ उताणं होतं की पालथं, अंग गार होतं की कोमट. स्वतःचा अंदाज लिहू नये आणि गल्लीत बोलूही नये.

आणि एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही. हिंदू घरांत तान्ह्या बाळाला बहुतेक ठिकाणी दहन करत नाहीत, पुरतात. बाप विशीतला असतो, त्याला हे ठाऊक नसतं, आणि तो अशा वेळी समोर दिसणाऱ्या पांढऱ्या शर्टालाच विचारतो, "आता याला कुठे न्यायचं?" आमच्या मुलांना महापालिकेच्या कुठल्या स्मशानात लहान मुलांची जागा आहे, दाखला कुठून मिळतो, मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, हे पाठ असायला हवं. जन्मतःच मृत असलेल्या बाळाचीही नोंद करायची असते. ही साधी माहिती आहे. तिच्यासाठी मानसशास्त्रज्ञ लागत नाही, एक छापील कागद लागतो.

रागाबद्दलही थोडं. ऑक्टोबर 2023मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळं होती. संताप झाला, व्हायलाच हवा होता. पण एका खासदारांनी अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करून घेतलं, तेव्हा मला कळलं की राग नेहमी हाताशी असलेल्या माणसावर निघतो. रुग्णवाहिकेत हाताशी असलेला माणूस म्हणजे वीस वर्षांचा विद्यार्थी. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध आपल्याकडे 2010चा कायदा आहे. कायदा मार खाल्ल्यानंतर उपयोगी पडतो. नीट, बसून, नजरेला नजर देऊन सांगितलेली बातमी कधीकधी त्याआधी उपयोगी पडते.

9 जानेवारी 2021च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. सात वाचली. त्यानंतर फायर ऑडिटवर खूप बोललं गेलं, लिहिलं गेलं, ते आवश्यकच होतं. त्या धुरातून सात बाळं बाहेर काढणाऱ्यांचं पुढे काय झालं, त्यांच्याशी कुणी बसून बोललं का, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. मी शोधलं होतं.

बसून बोलण्यावरून आठवलं. अशा घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून "काय वाटलं ते सांगा" असं एकच सत्र घ्यायची पद्धत काही ठिकाणी आहे. कृपा करून ती आणू नका. त्यावर झालेले अभ्यास एकत्र तपासले गेले आहेत, आणि अशा एका सत्रानं पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो, असं दिसलं आहे. बोलायचं असेल त्याला बोलू द्यावं, नसेल त्याला चहा द्यावा. उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. त्याच दिवशी पुन्हा बाळाची केस न देणं. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ माणसाचा फोन. महिनाभर लक्ष, झोप लागते का, जेवतो का, बाळाचा कॉल टाळतो का. महिन्यानंतरही घडी बसली नाही तर डॉक्टर. मानसिक आधारासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर 2022पासून आहे. माझ्या वर्गात तो नंबर एकालाही माहीत नव्हता.

अमेरिकेत जोनाथन बार्टल्स नावाच्या नर्सनं एक प्रथा सुरू केली. रुग्ण गेल्यावर सगळ्यांनी मिनिटभर हात थांबवून उभं राहायचं, गेलेल्यासाठी आणि आपण केलेल्या प्रयत्नांसाठी. मी ती वर्गात करून घेते. पुतळ्यासमोरसुद्धा. सुरुवातीला मुलं हसतात, तिसऱ्या वेळी हसत नाहीत.

आणि पायलट. 108च्या ड्रायव्हरला आपण पायलट म्हणतो, ते नाव छान आहे. पण मागचं सगळं त्याला ऐकू येतं आणि मागे वळून बघता येत नाही. आईचा आवाज बदलला की त्याला कळतं. तरी गाडी चालवायची, सिग्नल तोडायचा, खड्डा चुकवायचा. एका पायलटनं मला सांगितलं, "मॅडम, मागे एकदम शांत झालं की मी आरसा वर करतो." त्याला कुठल्याच वर्गात कुणी बोलावत नाही. या शिक्षणात तो पहिल्या बाकावर हवा.

आता मागणी. 2021च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात आपत्कालीन तंत्रज्ञाचं, म्हणजे पॅरामेडिकचं, नाव स्पष्ट आहे, आणि त्याखाली देशभर अभ्यासक्रम एकसारखे करण्याचं काम चालू आहे. साचा मऊ आहे तोवरच त्यात बोट उमटतं. बाळाच्या आणि मुलाच्या मृत्यूवर किमान सहा तासांचा प्रात्यक्षिक भाग ठेवा, त्याला गुण ठेवा. गुण नसलेलं आपल्याकडे कुणी शिकवत नाही आणि शिकत नाही, हे मी कडवटपणानं नाही, अनुभवानं सांगते. विद्यार्थ्याला गाडीवर पाठवण्याआधी नवजात कक्षात एका अनुभवी सिस्टरच्या हाताखाली काही दिवस ठेवा, आणि तिला त्या कामाचे पैसे द्या. शिकाऊ मुलाला बाळाच्या फेरीवर एकट्यानं पाठवणाऱ्या खासगी गाडीचा परवाना तपासा. प्रत्येक गाडीत तो छापील कागद ठेवा, नोंदणीचा, स्मशानाचा, पोलिसांचा, 14416चा, मराठीत.

यासाठी वेगळी इमारत नको, निविदा नको. पुढच्या तुकडीची गाडीवरची ड्युटी लागण्याआधी दोन्ही खात्यांच्या सह्यांचं एक परिपत्रक पुरे. त्याचा मसुदा मी करून ठेवला आहे. दोन पानं आहेत. टाइप केलेला नाही, पण वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये इतकी वर्षं लिहिलंय, अक्षर वाचता येईल.

आपली,
एक निवृत्त सिस्टर
मोहने, ता. कल्याण, जि. ठाणे